उपज अंगाचं रॉक : थोर गिटारवादक ओळखायचा कसा?

खाडीपलीकडचा | शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, गेले तीन आठवडे ठाणे-वाशी लोकलमध्ये आमच्यात एकच वाद चालू आहे. ऐरोलीला मी उतरेपर्यंत तो मिटत नाही, म्हणून इथे मांडतो.

ज्या रॉकमध्ये गाणं ठरलेलं असतं, पण मधली दहा-वीस मिनिटं ठरलेली नसतात, आयत्या वेळी सुचेल ते म्हणजे उपज असते, त्यात गिटारवाला थोर कशामुळे ठरतो? म्हणजे ग्रेटफुल डेडचा जेरी गार्सिया, ऑलमन ब्रदर्सचा डुएन ऑलमन, बँड ऑफ जिप्सीजमधला हेंड्रिक्स, नंतरच्या पिढीत फिश या बँडचा ट्रे अॅनास्तासिओ, ही परंपरा. स्टुडिओत बसवलेला सोलो मंचावर तसाच्या तसा वाजवणारे यात धरलेले नाहीत. त्यांच्यातही मोठी माणसं आहेत, पण त्यासाठी वेगळा धागा लागेल.

मी बास वाजवतो, अठरा वर्षं झाली. बासवाला गिटारवाल्याच्या शेजारी उभा असतो, त्यामुळे त्याचे हात, मान, डोळे सगळं दिसतं. चार वेगवेगळ्या गिटारवाल्यांबरोबर वाजवून माझं एक मत बनलंय : आधी त्याचा कान बघायचा, हात नंतर.

हे मत कुठून आलं ते सांगतो. कोपरखैरण्याला एका जॅमपॅडमध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, आम्ही रविवारी तासाच्या हिशेबाने जागा घ्यायचो. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आणि एसी बंद ठेवावा लागायचा, कारण त्याची घरघर माइक पकडायचा. एका लांबलेल्या जॅममध्ये आमच्या ड्रमरची सम चुकली, तो एक मात्रा आधी आला. तेव्हाचा आमचा गिटारवाला हाताने फार तयार होता. त्याने मान वर न करता आपलं चालू ठेवलं. ड्रमर त्याला शोधत राहिला, मी दोघांच्या मध्ये लटकलो आणि चार आवर्तनांत सगळं विस्कटलं. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा आला. हात पहिल्याच्या निम्म्यानेही तयार नाही. ड्रमर तोच, चूकही तीच. या पोराने चालू फ्रेजचं शेपूट तेवढं धरलं, ते दोनदा वाजवलं, मग उजवा तळवा तारांवर टेकवून पूर्ण एक आवर्तन गप्प राहिला. त्या मोकळ्या जागेत ड्रमरची नवी सम मला ऐकू आली, त्यालाही आली, आणि तिथून तो असा उठला की बाहेर बसलेल्याला वाटावं, हे ठरवूनच केलंय.

गार्सियाकडे मी याच कानाने बघतो. चार वर्षांचा असताना लाकडं फोडताना झालेल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट बरंचसं तुटलं. सुरुवातीची वर्षं त्याने बँजो वाजवण्यात घालवली आणि ते त्याच्या गिटारमध्ये शेवटपर्यंत राहिलं : प्रत्येक सूर वेगळा छेडलेला, स्वच्छ, एकमेकांत न मिसळलेला. त्याचा आवाजही मुद्दाम स्वच्छ ठेवलेला असे, म्हणजे लपायला जागाच नाही. २७ फेब्रुवारी १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये वाजलेलं ग्रेटफुल डेडचं 'डार्क स्टार' ऐका. तेवीस मिनिटं आहे. तिथे फिल लेशचा बास जमीन धरून बसत नाही, तो गिटारच्या बरोबरीने हिंडतो. लेश मुळात ट्रम्पेट वाजवायचा, बँडमध्ये येईपर्यंत त्याने बास वाजवलाच नव्हता. दुसऱ्या एखाद्या गिटारवाल्याने अशा बासवाल्याला 'नीट मूळ सूर धर' म्हणून दामटलं असतं. गार्सिया त्याच्या सुराला उत्तर देतो, कधी त्याच्या खाली जातो, कधी चक्क त्याला पुढे जाऊ देतो.

माझी कसोटी साधी आहे. या बँडने सुमारे २३०० कार्यक्रम केले, आणि लोकांना ध्वनिमुद्रण करायला मोकळीक दिली. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली. आपल्याकडे कुमार गंधर्वांच्या, मल्लिकार्जुन मन्सूरअण्णांच्या खासगी बैठकींच्या कॅसेट जशा घरोघरी फिरल्या, तशा तिकडे यांच्या फिरल्या. म्हणून एकच गाणं पाच वेगवेगळ्या रात्रींचं लावून ऐकता येतं. पाचही रात्री तो त्याच वाटेने गेला असेल तर तो उत्तम वादक आहे. वाट बदलली, आणि ती कशामुळे बदलली हे ड्रम-बास ऐकून आपल्याला सांगता आलं, तर मी त्याला थोर म्हणतो.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर जास्त सविस्तर सांगा.

लयवेडा | रविवार, सकाळी ७:२०

खाडीपलीकडचा, जॅमपॅडची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. आम्हा तबलजींना ती जागा चांगलीच माहीत आहे.

पण 'कान' हे उत्तर मला अर्धं वाटतं. ऐकणं हे साथीदाराचं पहिलं काम. मुख्य कलाकाराने ऐकायचं आणि वळवायचंही. नुसता ऐकत राहिला तर चौघेही एकमेकांची वाट बघत बसतील. आणि वळवण्याचं हत्यार म्हणजे लय.

ऑलमन ब्रदर्सचं 'व्हिपिंग पोस्ट' घ्या, मार्च १९७१ मध्ये न्यू यॉर्कच्या फिलमोर ईस्टला ध्वनिमुद्रित केलेलं, तेवीस मिनिटांचं. सुरुवातीचा तुकडा अकरा मात्रांचा आहे : तीन, तीन, तीन, दोन. मी पहिल्यांदा ऐकलं ते नौपाड्यात मित्राच्या घरी, आणि हाताने टाळी देता देता तिसऱ्या आवर्तनाला चुकलो. आपल्याकडे अकरा मात्रांचा रुद्र आहे, पण याची चाल त्याच्यासारखी नाही. शेवटची दोन मात्रांची उडी तुम्हाला समेवर ढकलून देते. पुढे गाणं मोकळ्या लयीत येतं आणि डुएन ऑलमनचा सोलो सुरू होतो. दोन ड्रमर मागे आहेत. तो त्यांच्या किंचित पुढे झुकून वाजवतो, घाई न करता. एखादी फ्रेज समेच्या अलीकडे संपवतो, ऐकणाऱ्याला सम स्वतः पुरी करायला लावतो. ही तयारी बोटांच्या वेगात मोजता येत नाही.

आणखी एक. ग्रेटफुल डेडच्या मिकी हार्टवर उस्ताद अल्लारखाँचा मोठा प्रभाव होता. १९७६ साली 'दिगा' नावाची जी रेकॉर्ड निघाली तिच्यात हार्टबरोबर झाकीरभाई होते, गार्सियाही होता. त्यामुळे त्या बँडमध्ये सम लांबवायची, आडवी लय घ्यायची ही जाण आली कुठून, याचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले तेव्हा मी ती रेकॉर्ड पुन्हा काढून ऐकली.

उपवनकाठ | रविवार, दुपारी १:०५

मी सतारीची विद्यार्थिनी, बारा वर्षं शिकतेय. रॉक माझ्याकडे उशिरा आलं, भावामुळे. त्यामुळे माझं ऐकणं थोडं वेगळ्या बाजूने आहे.

डुएन ऑलमन काचेची छोटी औषधाची बाटली बोटात घालून स्लाइड वाजवायचा. सर्दीच्या गोळ्यांची बाटली. ती तारेवरून सरकते तेव्हा पडदे उरतच नाहीत, दोन सुरांमधली सगळी जागा उघडी होते. आमच्याकडे मींड घेताना गुरुजी एकच सांगतात, पोहोचायची घाई करू नकोस, वाटेतली श्रुती दिसू दे. ऑलमन नेमकं तेच करतो. वरच्या सुरापाशी आल्यावर तो क्षणभर खालीच रेंगाळतो, मग त्यात मिसळतो. चोवीस वर्षांचं आयुष्य मिळालं त्याला. फिलमोर ईस्टची ती रेकॉर्ड जुलै १९७१ मध्ये निघाली आणि ऑक्टोबरमध्ये मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. हे लिहितानाही वाईट वाटतं.

तो जॅझमधले माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन खूप ऐकायचा. माइल्सची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड १९५९ ची. तिच्यात भराभर बदलणाऱ्या कॉर्डच्या ऐवजी एकेका सुरावटीवर बराच वेळ थांबलेत. त्यातलं पहिलंच गाणं डोरियनमध्ये आहे, म्हणजे आपला काफी थाट. 'डार्क स्टार' मिक्सोलिडियनवर हिंडतं, म्हणजे खमाज थाट. एकाच सुरावटीवर वीस मिनिटं काढायची तर तानांचा साठा पुरत नाही, बढत यावी लागते. कोणता सूर अजून लावायचा नाही, हे माहीत असावं लागतं. गार्सिया कित्येकदा वरचा सा बराच वेळ राखून ठेवतो, आजूबाजूने फिरतो, आणि मग तो लावतो तेव्हा ऐकणाऱ्याचाच श्वास सुटतो.

पण एक सांगते, कारण 'हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे' असं म्हणायचा आपल्याला फार मोह होतो. रागात चलन ठरलेलं असतं, आणि तानपुरा खाली अखंड असतो. इथे खालची जमीनसुद्धा कुणीही हलवू शकतो. बासवाल्याने मूळ सूर बदलला की गिटारवाल्याच्या त्याच सुराचा अर्थ बदलतो, आत्ता जो पंचम होता तो पुढच्या क्षणी दुसरंच काही होतो. ग्रेटफुल डेडमध्ये बॉब वेअर दुसरी गिटार वाजवायचा, आणि त्याने आपली वाजवण्याची पद्धत जॅझ पियानोवादक मॅक्कॉय टायनरच्या डाव्या हातावरून घेतली. म्हणजे गार्सियाच्या सुरांखाली तो सतत वेगळे रंग सरकवत असायचा. असं असताना सुराला सूर लागू ठेवणं हे आमच्या कामापेक्षा वेगळं कौशल्य आहे, आणि त्याला त्याचा मान द्यायला हवा.

जुना_वाशीकर | रविवार, रात्री ९:४०

सगळ्यांचं वाचलं. छान लिहिताय. आता माझं विरोधी मत, मागितलंच आहे म्हणून.

मी ८६ साली धोबी तलावच्या रंगभवनात पहिला इंडिपेन्डन्स रॉक ऐकला. तेव्हा वाशीला परत यायला रेल्वे नव्हती, ठाण्याच्या खाडीपुलावरून जाणारी शेवटची बस गाठायला धावत जायचो. त्या उघड्या मैदानात मी जेवढे लांब सोलो ऐकले, त्यातले निम्म्याहून जास्त नुसतं भटकणं होतं. तीन पेंटाटोनिक, म्हणजे पाच सुरांचे, तुकडे, एक जोराची तार ओढणं, पुन्हा तेच. लोक टाळ्या वाजवायचे ते संपलं म्हणून. पुढे मला ज्यांनी धरून ठेवलं ते बारा ओळींत सांगायचं ते सांगून थांबणारे होते. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरचा सोलो माझी बायको भाजी चिरताना गुणगुणते. वीस मिनिटांचा जॅम कुणी गुणगुणतं का?

माझ्या मते थोर गिटारवादकाला आयत्या वेळी चाल सुचते. चाल! गाता येईल अशी. कान, लय, श्रुती हे सगळं मान्य, पण शेवटी मी घरी काय घेऊन गेलो? उपज म्हणजे फक्त 'काहीतरी नवं वाजलं' एवढंच असेल, तर ते माझ्यासाठी पुरेसं नाही.

व्हॉल्व्हगरम | सोमवार, रात्री १२:१५

वाशीकर काका, तुमच्या मुद्द्याला मी आवाजाच्या बाजूने उत्तर देतो. मी जुने अॅम्प दुरुस्त करतो, सीवूड्सला घरातच खोली आहे.

हेंड्रिक्सचं 'मशीन गन', फिलमोर ईस्ट, १९७० चा पहिला दिवस. सोलो सुरू होताना तो एक वरचा सूर लावतो आणि धरूनच ठेवतो. ती चाल नाही, एकच सूर. तरी ज्याने ऐकलाय त्याच्या तो डोक्यातून जात नाही. हे होतं कसं ते सांगतो, कारण लोक 'फीडबॅक' म्हणून सोडून देतात. स्पीकरमधून आलेला आवाज गिटारच्या तारेला हलवतो, हललेली तार पिकअपमधून पुन्हा अॅम्पमध्ये जाते, तिथून पुन्हा स्पीकर. हे चक्र सुटलं की नुसती किंचाळी होते. पण वादक अॅम्पपासून किती लांब उभा आहे, गिटारचं तोंड कुठे आहे, यावर कोणता सूर टिकणार आणि तो वरच्या सप्तकात कधी उलटणार हे ठरतं. मी स्वतः चाळीस वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प तापवून करून पाहिलंय. अर्ध्या पावलाने सूर बदलतो. अक्षरशः अर्ध्या पावलाने. म्हणजे हेंड्रिक्स नाचतोय असं जे दिसतं, त्यात तो जागा शोधत असतो. बोटं, पाय, खोली, सगळंच त्याचं वाद्य.

म्हणून आवाज ही सजावट समजू नये. उपज त्यातही होते.

आणि खाडीपलीकडचा यांच्या कानाच्या मुद्द्याला माझ्याकडून पुरावा : १९७४ मध्ये ग्रेटफुल डेडने सहाशेच्या आसपास स्पीकर रचून एक भिंत उभी केली, आणि ती स्वतःच्या पाठीमागे ठेवली. वादकांसाठी वेगळे मॉनिटर, म्हणजे स्वतःचं वाजवणं ऐकायचे स्पीकर, नाहीत. लोकांना जे ऐकू येतं तेच, त्याच तोलात, वादकांना ऐकू यावं म्हणून. पाठीमागून येणारा आवाज माइकमध्ये घुसू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक उलट्या फेजमध्ये जोडलेले, गायचं त्यातल्या एकातच. दोन्हींत सारखाच शिरणारा आवाज आपोआप कटतो. एवढा खटाटोप कशासाठी? एकमेकांचं नीट ऐकू यावं म्हणून. गेल्या वर्षी ठाण्यात एका मोठ्या कार्यक्रमात माझ्या ओळखीच्या बँडला मॉनिटरच मिळाले नव्हते, चौघे चार वेगवेगळी गाणी वाजवत असल्यासारखे वाटत होते. त्यात त्या पोरांचा काहीच दोष नव्हता.

सहावी_तार | सोमवार, रात्री १:३०

नमस्कार. मी घणसोली गावात राहतो, एकोणीस वर्षांचा आहे. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

मी रोज चार तास वाजवतो. मेट्रोनोमवर अल्टरनेट पिकिंग, १६० पर्यंत स्वच्छ येतं. सगळे मोड सगळ्या पोझिशनमध्ये पाठ आहेत. पण मित्रांबरोबर जॅमला बसलो आणि ते 'आता तू वाजव' म्हणाले की मला काहीच सुचत नाही. स्केल वर जातो, खाली येतो. दोन मिनिटांत मलाच कळतं की मी काही बोलत नाहीये. तुमचं सगळं वाचून असं वाटलं की कान हा जन्मतः असतो की काय. तो शिकता येतो का? दादा, खरं सांगा.

घरात दुसरं कुणी गिटार वाजवत नाही. माझे काका हळदीला बेंजो वाजवतात, पण ते वेगळं.

खाडीपलीकडचा | सोमवार, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. आधी सहावी_तारला उत्तर देतो, कारण त्याचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे.

अरे, शिकता येतो. नक्की येतो. फिशच्या चौघांनी तो घाम गाळून शिकलाय. त्यांचा एक सराव आहे, तुझ्या मित्रांबरोबर याच आठवड्यात करून बघ. गोल बसायचं. एकाने छोटासा तुकडा सुरू करायचा आणि तोच वाजवत राहायचं. बाकीच्यांनी त्यात बसेल असं काहीतरी शोधायचं. आपलं नीट बसलंय, आणि बाकी तिघांचंही बसलेलं ऐकू येतंय, असं वाटलं की 'हे' म्हणायचं. चौघांचे 'हे' झाले की शेजाऱ्याने आपला तुकडा किंचित बदलायचा, मग सगळ्यांनी पुन्हा शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं. आम्ही केलं तेव्हा पहिला 'हे' यायला नऊ मिनिटं लागली. कळलं की मी फक्त ड्रमर ऐकत होतो, गिटारचं काय चाललंय ते मला माहीतच नव्हतं. हे लोक असा सराव करून पुढे कुठे पोहोचले बघ : ३१ डिसेंबर १९९९ च्या मध्यरात्री फ्लोरिडात वाजवायला लागले ते सूर्योदयापर्यंत, सलग सात तासांवर. २०१७ मध्ये न्यू यॉर्कला तेरा रात्री वाजवलं आणि एकही गाणं परत घेतलं नाही.

दुसरं, १६० चा वेग टाकून देऊ नकोस. तो कामी येईल. फक्त रोज अर्धा तास असं वाजव की आधी तोंडाने गुणगुणायचं, मग तेच तारेवर काढायचं. जे गाता येत नाही ते वाजवायचं नाही. गळा हळू चालतो, म्हणून डोक्याला ऐकायला वेळ मिळतो.

इथेच वाशीकर काकांचं म्हणणं मला पटतं. चाल हवीच. गार्सियाचे लांब सोलो मला गुणगुणता येतात, कारण तो मूळ गाण्याच्या चालीला धरून हिंडतो. आणि हो, भटकणं होतं. त्याच्याही वाईट रात्री आहेत, शेवटच्या काही वर्षांत प्रकृती ढासळल्यावर तर बऱ्याच. पण भटकायची तयारी नसेल तर नवी वाट सापडणार कशी? गवयी एखाद्या रात्री रागात अडकतो तेव्हा आपण उठून जात नाही. पुढच्या बैठकीला पुन्हा येतो.

लयवेडा, तुमची 'ऐकणं आणि वळवणं' ही दुरुस्ती मी घेतो. माझ्या गोष्टीतला तो मुलगा गप्प बसला एवढंच मी ठळक लिहिलं, पण पुढे तो उठला आणि सगळ्यांना नव्या समेवर घेऊन गेला, ते लिहून त्यावर थांबलो नव्हतो. नुसता गप्प राहिला असता तर आम्ही तिथेच विझलो असतो.

हात आणि कान यांच्या वादात मला गार्सियाचं १९८६ साल आठवतं. त्या जुलैत तो मधुमेहामुळे कोमात गेला. शुद्धीवर आल्यावर त्याला गिटार पुन्हा शिकावी लागली, मर्ल सॉन्डर्स हा जुना साथीदार त्याच्या शेजारी बसून एकेक गाणं पुन्हा बसवून घ्यायचा. डिसेंबरात तो बँडबरोबर मंचावर परत आला. बोटं विसरली होती ते पाच महिन्यांत परत आणता आलं, कारण काय आणायचंय हे आतून कुठेतरी ऐकू येत असणार. हा माझा अंदाज आहे, पण मी त्यावर फार विसंबून आहे.

आणि शेवटचं. काकांचा बेंजो 'वेगळा' कसा? गार्सियाचा बँजो निराळा, आपला बेंजो म्हणजे पिकअप लावलेला बुलबुल तरंग, हे मान्य. पण हळदीत चार-चार तास न थांबता वाजवायचं, कोणतं गाणं कधी घ्यायचं हे कागदावर नाही, ढोलकीवाला आणि नाचणारी माणसं बघून ठरवायचं, हे काय आहे? पुढच्या हळदीला त्यांच्या शेजारी बस. मोबाइल खिशात ठेव, हातांकडे बघू नकोस, ते कुणाकडे बघतात ते बघ. आणि इथे येऊन लिही.

उपवनकाठ | मंगळवार, सकाळी ८:४५

सहावी_तार, नक्की लिही. मी वाट बघतेय.

जुना_वाशीकर | मंगळवार, सकाळी १०:३०

खाडीपलीकडचा, २७ फेब्रुवारीचं ते तेवीस मिनिटांचं काल रात्री सागर विहारच्या कट्ट्यावर बसून हेडफोनवर ऐकलं. पहिली आठ मिनिटं मला माझंच म्हणणं बरोबर वाटत होतं. मग एक जागा आली, गिटार खाली उतरते आणि बास वर जातो, तिथे मी मागे नेऊन तीनदा ऐकलं. अजून गुणगुणता येत नाहीये, पण आज पुन्हा ऐकणार आहे.

सहावी_तार | रविवार, रात्री २:१५

आत्ताच तळवलीहून हळद संपवून आलो. झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

सांगितलंत तसं काकांच्या शेजारी बसलो, डाव्या बाजूला, स्पीकरच्या मागे. साडेआठपासून काका वाजवत होते. इतकी वर्षं मला वाटायचं की ते पट्ट्यांकडे बघून वाजवतात. ते पट्ट्यांकडे बघतच नाहीत. सगळा वेळ मांडवात बघतात. पोरं जोरात नाचत होती तेव्हा काका आणि ढोलकीवाला दोघे वर वर जात होते, आणि एकदम काकांनी गाणं सोडून दिलं. फक्त खालच्या दोन पट्ट्या. टण, टण. बहुतेक पाच मिनिटं तेवढंच. ढोलकीवाला त्याच्यावर काय काय वाजवत होता! मला वाटलं काका दमले.

मग बघितलं तर मांडवाच्या कडेला खुर्चीत नवरीची आजी बसली होती, ती गुडघ्यावर हात टेकून उठत होती. ती उभी राहीपर्यंत काका त्या दोन पट्ट्यांवरच थांबले. ती दोन पावलं आत आली आणि काकांनी जुन्या धवल्याची, म्हणजे लग्नात बायका म्हणतात त्या गाण्याची, चाल धरली, एकदम हळू. ढोलकीवाल्याला खुणावलंही नाही, तो पुढच्याच मात्रेला हळू झाला. सगळ्या बायका आजीच्या भोवती आल्या. पोरं बाजूला झाली.

परत येताना टेम्पोत काकांना विचारलं, तुम्ही त्या दोन पट्ट्यांवर थांबायचं कधी ठरवलंत? त्यांना प्रश्नच कळला नाही. दोनदा विचारल्यावर म्हणाले, "आजी उठत होती ना."

खाडीपलीकडचा | रविवार, सकाळी ६:५०

पुढची हळद कधी आणि कुठे आहे ते काकांना विचारून कळव. आडवारी असली तर ऑफिस सुटल्यावर ऐरोलीहून थेट येतो. वाशीकर काका, लयवेडा, उपवनकाठ, तुम्ही कोण कोण येताय?